मेथीचा वास म्हणजे नासलेली वाइन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ. जुन्या शार्डोनेवरच्या (शार्डोने नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आमच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "पांढरी वाइन दोन वरसात प्या लागते. नऊ वरसाची, पिवळी पडेल, अक्रोड अन् मेथीचा वास येते, ते तं नासेल वाइन हाय. अन् आपल्या इकडच्या उन्हात ठेवाले सांगता?"

तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. बाजारातली बहुतेक शार्डोने दोन-तीन वर्षांत संपवावी अशीच केलेली असते. तीत मेथी-अक्रोड आला तर बाटली गेली. पण लेखातली बाटली फ्रान्सच्या पूर्व टोकाच्या जुरा भागातली होती, आणि ती कोणत्या पद्धतीची हे आम्ही लिहिलं नाही. ती चूक आमची.

जुरात शार्डोने दोन तऱ्हांनी मुरवतात. पिंपातली वाइन उडून कमी होते. ती वरचेवर भरून काढली तर तिला 'उइये' म्हणतात. ही ताजी, लिंबाकडे झुकणारी. पिंप न भरता रिकामी जागा राहू दिली की वाइनवर यीस्टची पातळ साय धरते. ही 'सू व्वाल', म्हणजे सायीखालची. लेखातली बाटली हीच. लोणच्याच्या खारावर पांढरा थर आला की आपण बरणी टाकून देतो, म्हणून हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण ही साय हवेला थेट वाइनपर्यंत पोचू देत नाही. ती अल्कोहोल खाऊन अॅसिटाल्डिहाइड बनवते, त्याचा वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा. पुढे काही वर्षांनी सोटोलोन तयार होतं, आणि मेथीदाण्याला त्याचा वास देणारा पदार्थही हाच. तुमचं नाक अगदी बरोबर होतं! (याच भागातली प्रसिद्ध 'व्हँ जोन' किमान ६ वर्षं ३ महिने मुरते, पण ती साव्हान्यँ द्राक्षाची, शार्डोनेची नव्हे.)

मग नासलेली ओळखायची कशी? बाटली एक दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसतो. तळाशी खडीसाखरेसारखे कण दिसले तर घाबरू नका, ते टार्टरचे खडे, निरुपद्रवी. जुनं बूच ठिसूळ असतं. स्क्रू सरळ, मधोमध आणि सावकाश फिरवा. ग्लासात ४०-५० मिली ओता आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. सोनेरी, अगदी मधाचा रंगही चालेल, पण चमक हवी. मळकट तपकिरी रंग वाईट. भिजलेल्या पोत्याचा वास म्हणजे बुचाचा दोष, नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा म्हणजे आंबली. खरा निकाल मात्र जिभेवर लागतो: सायीखालच्या चांगल्या वाइनमध्ये आंबटपणा जिवंत असतो आणि गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. नासलेलीत वास तोच, पण घोट सपाट आणि शेवट कडवट. लगेच ठरवू नका. वीस मिनिटांनी पुन्हा वास घ्या, तासाने पुन्हा.

फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखलीत तर यातलं काहीच कळणार नाही. १२ ते १४ अंश हवेत. डिसेंबरात बाटली बाहेर काढून बराच वेळ थांबा. मे महिन्यात त्याहून कमी वेळ पुरतो, तेही ग्लास थोडाच भरून.

उन्हाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. अकोला-चंद्रपूरकडचं ४५ अंशांचं ऊन सोडा, मातीच्या घरातली आतली खोलीसुद्धा मे महिन्यात जुन्या वाइनला फार गरम पडते. द्रव फुगून बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो, आणि चव शिजलेल्या फळासारखी होते. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं दिसलं तर विकत घेऊच नका. बाटली आणायची तर डिसेंबर-जानेवारीत आणा आणि होळीच्या आत उघडा. उन्हाळा काढायचाच असेल तर फ्रिजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात आडवी, पण एकच उन्हाळा. फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आक्रसतं. एसटीच्या डिक्कीत एप्रिलनंतर कधीही नाही.

सोबत सावजी रस्सा नको, तिखटापुढे ती मरते. भाजलेले शेंगदाणे, अक्रोड, कोंबडीचा सौम्य पांढरा रस्सा चालतो. उरलेली सायीखालची वाइन बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते. उइये मात्र दोन-तीन दिवसांत संपवा.

मूळ लेखात 'सू व्वाल' हा शब्द आज घातला आहे.