कॅसेट संपली तिथून पुढे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना जरा कमी आला, म्हणून आज उत्तराला बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश ग्रुपवरच्या माझ्या चाळीस वर्षांच्या प्रेमाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, हे संगीत नव्हे, हिशेब करून काढलेला माल. दोन, पंचावन्नाव्या वर्षी तेच ऐकणं म्हणजे कानांची वाढ पंधराव्या वर्षीच खुंटणं. तीन, मला ती गाणी आवडतच नाहीत, आवडतं ते माझं पंधरावं वर्ष.

दुसरा आक्षेप आधी निकालात काढते. मी इतरही बरंच काही ऐकते. त्याची यादी देणार नाही, कारण यादी द्यायला लागलं की आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटायला लागतं.

पहिला आक्षेप मात्र जुना आहे, आणि तुमच्याआधी तो खुद्द स्वीडनमध्येच घेतला गेला. 1974 साली ब्रायटनमध्ये ‘वॉटर्लू’ गाऊन ही मंडळी युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकली (ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना शून्य गुण दिले होते, आणि मग तेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, हे मला आजही फार आवडतं). त्यामुळे 1975 ची स्पर्धा स्टॉकहोमला आली आणि तिथल्या डाव्या विचारांच्या संगीतकारांनी तिच्या निषेधार्थ चक्क पर्यायी महोत्सव भरवला. संगीताचा बाजार मांडलाय, हेच त्यांचं म्हणणं. तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

आणि अर्धं खरंही आहे ते. त्या चकाकत्या, विचित्र कपड्यांचंच घ्या. रोजच्या वापरात घालता येणार नाहीत असे कपडे असले तरच त्यांचा खर्च करातून वजा होत असे, आणि हेही एक कारण होतं, असं ग्रुपमधल्याच ब्यॉन उल्वेउसने स्वतः नंतर कबूल केलंय. हिशेब तर होताच.

पण हिशेब करणारा माणूस कष्ट वाचवतो ना? इथे उलटंच दिसतं. त्यांचा ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो एकदा वाजवून घेतलेलं सगळं पुन्हा वाजवून घ्यायचा, आणि दुसऱ्या खेपेला टेपचा वेग अगदी किंचित बदलायचा. दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की सूर तंतोतंत जुळत नाहीत, केसाइतका फरक राहतो आणि त्या फरकामुळे आवाज दाट होतो. आग्नेता आणि फ्रीडा या दोन गायिकांचे आवाजही असेच थरावर थर. एकीचा उंच, टोकदार, दुसरीचा खालचा, उबदार; दोघी एकत्र गायल्या की तिसरीच कुणीतरी गातेय असं वाटतं. ‘डान्सिंग क्वीन’ एकदा हेडफोन लावून ऐका. पियानोवरून हात सर्रकन फिरतो आणि गाणं थेट ध्रुवपदाच्या मध्यावर सुरू होतं. आपण उशिरा पोचलोय, दार उघडलंय आणि आत नाच रंगात आलाय. माल म्हणायचा तर म्हणा. माल नीट बनवलाय.

आता तिसरा. हा बाण लागला, म्हणूनच आधी राग आला.

मी त्यांना ऐकायला लागले तेव्हा ग्रुप संपलेला होता. 1982 नंतर चौघं एकत्र काम करेनासे झाले होते. माझ्याकडे होती मावसभावाने भरून दिलेली साठ मिनिटांची कॅसेट. तिच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘द विनर टेक्स इट ऑल’. गाणं जवळपास पाच मिनिटांचं आणि टेप पुरली नव्हती. आग्नेता आर्ततेच्या शिखरावर असताना खट् करून बटण वर यायचं. माझ्या दृष्टीने गाणं तिथेच संपत होतं. पंधराव्या वर्षी मला ते शेवटाशिवायच पाठ होतं आणि ती बाई मला तलवार उपसून उभी असलेली वाटायची.

1992 मध्ये त्यांच्या निवडक गाण्यांचा ‘गोल्ड’ हा संग्रह आला. तो मला पुढच्या वर्षी मिळाला आणि पहिल्यांदाच गाणं खटच्या पुढे गेलं. तिथे वाद्यं मागे सरतात, आवाज एकदम खाली येतो, आणि ती समोरच्याची माफी मागते, आपल्याला असं अवघडलेलं पाहून त्याला वाईट वाटत असेल म्हणून. मी तेवीस वर्षांची होते. मला ते कडवं अजिबात आवडलं नाही. माफी कसली मागतेस बाई? वाटलं, कॅसेटच बरी होती.

तोवर मला माहीत झालं होतं की शब्द ब्यॉनचे आहेत आणि गाणारी त्याची नुकती विभक्त झालेली बायको. आमच्यात कुणी जिंकलं-हरलं नाही, गाणं कल्पित आहे, असं तो सांगत आलाय. असेल. तरी ते कडवं मी पुढे ढकलायचे.

मग काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा घटस्फोट झाला. सह्या झाल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात तिचा नवरा हात पुढे करून उभा राहिला. तिचा हात थरथरत होता. तो हातात देत ती म्हणाली, “सॉरी हं, मला जरा असं होतंय.” मी दोन पावलांवर पर्स धरून उभी होते आणि डोक्यात ते कडवं सुरू झालं, जे माझ्या पंधराव्या वर्षात कधी नव्हतंच. आता गाणं ऐकते ते त्या कडव्यासाठी. तेव्हा तुमचा आक्षेप या एका गाण्याला तरी लागू होत नाही. ‘वॉटर्लू’ला होतो. ते लागलं की मी खरंच पंधरा वर्षांची होते आणि मला त्याची लाज नाही.

एक चूक मान्य. 2021 च्या ‘व्हॉयेज’ अल्बमची मी जास्तच तारीफ केली. त्यातली निम्मी गाणी साधारण आहेत. पण आवाज ऐका. फ्रीडा पंचाहत्तरची, आग्नेता एकाहत्तरची, पट्टी खाली आलेली, कडा झिजलेल्या. लंडनमध्ये 2022 पासून त्यांच्या तरुण रूपातल्या डिजिटल प्रतिमांचा कार्यक्रम चालतो. तो पाहायची मला इच्छा नाही. पंधरावं वर्षच हवं असतं तर पहिलं तिकीट मीच काढलं असतं.

आणि तुम्ही शेवटी कंसात लिहिलंत, ‘कॉलेजात मीही एका ग्रुपसाठी वेडा होतो, वेळीच सुटलो.’ कोणता ग्रुप ते लिहिलं नाहीत. कळवा. मी ऐकेन.