टॅबची पंगत

गणपती चार दिवसांवर आले होते आणि लोकमान्यनगरातल्या आमच्या मंडळाची वर्गणीची यादी माझ्या कॉम्प्युटरात अडकली होती. रात्री साडेनऊला माउसने मान टाकली. घरात सेल नाही. इंदूरच्या सराफ्यात त्या वेळी भुट्ट्याचा कीस मिळतो, मावाबाटी मिळते, पेन्सिल सेल कोण देणार?

पुण्याच्या भाचीला फोन लावला. "माउस कशाला हवा, मामा? टॅब दाब."

दाबला. पडद्यावर खिडकी होती: सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. टॅब म्हणजे पंगतीतला वाढपी. एका बटणापाशी थांबतो, पुढच्याकडे सरकतो. तो कुठे उभा आहे हे एका पुसट चौकटीवरून ओळखायचं. माझ्या चष्म्याला ती दिसेपर्यंत स्वारी पुढे गेलेली असते. मग सगळी पंगत फिरून तो परत येण्याची वाट बघायची. "शिफ्ट धरून टॅब दाब, उलटा येईल." हे आधी सांगायला काय झालं होतं?

एस्केप म्हणजे पानावर आडवा धरलेला हात. आमच्या घरी त्या हाताला कुणी जुमानत नाही, दोन जिलब्या पडतातच. खिडकी मात्र मुकाट्याने निघून गेली. इतकं ऐकून घेणारं घरात दुसरं कुणी नाही.

पुढे पेज सेटअप. अक्षरं मोठी करून ठेवल्यामुळे त्या खिडकीचा खालचा भाग पडद्याबाहेर, आणि ओके नेमकं तिथेच. "ऑल्ट-स्पेस, मग एम, मग वरचा बाण." विहिरीतून बादली ओढावी तशी मी ती खिडकी वर ओढली. आत एका चौकोनात खूण करायची होती. मी एंटर दाबला, खिडकी 'झालं तर मग' म्हणून बंद! खुणेला स्पेस लागतो म्हणे. पुन्हा विहीर, पुन्हा बादली.

वैतागून हात कंट्रोल-ऑल्ट-डिलीटकडे गेला. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलींनी १९८१च्या पीसीसाठी, यंत्र नव्याने सुरू करायला, हे त्रिकूट जुळवलं, ते चुकून दाबलं जाऊ नये असं. मी चुकून दाबणारच नव्हतो.

शेवटी प्रिंटरने इंग्रजीत काहीतरी तक्रार केली. मी अक्षर-अक्षर वाचायला लागलो, तशी भाची म्हणाली, "वाचत काय बसलास? त्या खिडकीवरच कंट्रोल-सी दाब, मजकूर उचलला जाईल. तो मला पाठव." उचलला. एस्केप. कंट्रोल-व्ही. मध्ये ऑल्ट-टॅबने मेलमध्ये जायचं असतं, ते राहिलं. मजकूर गेला कुठे ते कळेना, तेवढ्यात प्रिंटरमधला अडकलेला कागद हाताला लागला आणि यंत्र खडखडलं. पावणेबाराला यादी हातात!

सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरत असताना खजिनदारांचा फोन.

"भाऊ, यादी छान झालीये. पण शेवटी हे 'एरर' कोण? आणि त्यांच्या खालचे 'ओके'? दोघांचीही वर्गणी बाकी दिसतेय."