फिजिओ लावण्याआधी

पाठीत उसण भरली म्हणून लगेच फिजिओथेरपिस्टकडे धावू नये. दुखणं आधी चांगलं मुरू द्यावं. गणपतीतली उसण दिवाळीपर्यंत अंगावर काढली, की घरात वजन वाढतं आणि पंख्याची पाती पुसायला कुणी सांगत नाही. मधल्या काळात आत्याबाईंनी धाडलेलं तेल चोळावं, मेडिकलमधून अंदाजाने कमरेचा पट्टा आणावा आणि सोसायटीत ज्यांना ज्यांना पाठ आहे त्या सगळ्यांचा सल्ला घ्यावा.

मग एमआरआय. डॉक्टर गरज नाही म्हणाले तर डॉक्टर बदलावा. काही हजार मोजले की ते मोठं पाकीट हातात येतं आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ असं पुढे वर्षानुवर्षं लग्नामुंजीत सांगता येतं. चाळिशीनंतर काहीही दुखत नसलेल्या माणसाचा एमआरआय काढला, तरी त्यात बऱ्याचदा झिजलेल्या चकत्या निघतात. हे चारचौघांत बोलू नये, पाकिटाचा भाव उतरतो.

एवढं झाल्यावर फिजिओ लावायला हरकत नाही. निवड लिफ्ट आणि पार्किंग पाहून करावी. शिक्षण विचारणं बरं दिसत नाही. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आलेली आहे, तिच्याकडे नोंदणी झालेल्यांना क्रमांक मिळतो. तो भिंतीवर दिसलाच, तर त्या भिंतीकडे पाठ करून बसावं, नाहीतरी तीच दाखवायला आलोय. म्हणजे इंटर्नशिपसकट साडेचार वर्षं शिकलेली मुलगी आणि कुठलासा झटपट कोर्स केलेला मसाजवाला आपल्याला सारखेच. तिला डॉक्टर म्हणावं का, या घोळातही पडू नये. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. सरकारचं काय ते ठरेपर्यंत आपलं ‘अगं ताई’ चालतं.

पैशांचं बोलणं तिने पाठीवर हात ठेवल्यावरच काढावं. घरी येऊन पाऊण तासाचे सातशे म्हणाली, तर ‘नुसते व्यायामच तर घ्यायचेत!’ हे वाक्य तोंडावर तयार असावं. ती कात्रजहून कोथरूडला येते तो वेळ तिचा, आपला नव्हे. आल्यावर चहाचा आग्रह करावा. घेतला तर तेवढी मिनिटं शेवटी भरून मागता येतात. चालू सेशनमध्येच खालच्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारावी आणि ‘आलीच आहेस तर यांचा खांदा बघ जरा’ म्हणावं. हा जराचा खांदा फीमध्ये बसतो. (बिर्याणी मागवताना डिलिव्हरीच्या पैशांवरून आपण कधी वाद घातलेला नाही, हा मुद्दा इथे गैरलागू आहे.)

मशीन मात्र हवंच. तारा चिकटवून करंट सोडते, गार जेल लावून काहीतरी फिरवते, ती खरी. जी मशीनला हात न लावता ‘काका, खुर्चीतून हात न टेकता उठा बघू’ म्हणते, ती आपल्याच अंगमेहनतीचे पैसे आपल्याकडून घेते आहे, हे चाणाक्ष माणसाच्या लक्षात येतं. जुनाट कंबरदुखीत त्या गार जेलपेक्षा व्यायामाच्या बाजूने पुरावा कितीतरी भक्कम आहे. पण पुराव्याला तारा नसतात.

ती घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून देईल. कागद फ्रीजला लावावा, दुधाच्या हिशेबाशेजारी. पुढच्या वेळी ‘केलेत का?’ असं विचारलं तर ‘जमेल तसे’ म्हणावं आणि लगोलग ‘फरक काहीच नाही हो’ हेही म्हणावं. दोन्ही एका दमात म्हटली की जास्त परिणाम होतो.

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो, केसपेपर काढून तिथे अगदी थोड्या पैशांत काम होतं. पण रांगेत ओळखीचं कुणी भेटलं म्हणजे?

राहता राहिला विमा. बहुतेक साध्या पॉलिसी चोवीस तास अ‍ॅडमिट झाल्याशिवाय ओळख देत नाहीत. घरी सुटल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरता मिळतो, तोही त्याच दुखण्याचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तेव्हा फिजिओचे पैसे विम्यातून हवे असतील, तर आधी काहीतरी रीतसर मोडून घ्यावं आणि मुदतीच्या आत बरं व्हावं.

दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं असेल तर चौथ्या-पाचव्या वेळी वाकून बुटाची नाडी बांधता येऊ लागते. तिथेच थांबावं आणि उरलेली सिटिंग सासूबाईंच्या गुडघ्यावर वळती करून मागावीत. नाही म्हणाली तर गूगलवर एक स्टार द्यावा. पाठ बरी झाल्याचा उल्लेख त्यात चुकूनही करू नये, रेट वाढतो.