सर्व्हरवर काहीच बसवावे लागत नाही, हे सरसकट खरे नाही
दूरच्या संगणकावरील फाइल आपल्या संगणकावरून संपादित करण्याविषयीच्या लेखात ‘त्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही’ असे सर्वच एडिटरांविषयी (फाइल लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅमांविषयी) म्हटले आहे, ते मला पटले नाही. ईमॅक्स या एडिटरमधील ट्रॅम्प ही दूरच्या फाइल उघडण्याची सोय, जी २००७ च्या २२.१ आवृत्तीपासून ईमॅक्सबरोबरच येते, किंवा विम या एडिटरमधील तशीच नेटआरडब्ल्यू यांच्याबाबत ते बरोबर आहे. ट्रॅम्पला पलीकडे साधे शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम, पुरते. व्हीएस कोड या एडिटरचे रिमोट एसएसएच (एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) मात्र जोडणी होताच पलीकडच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे वापरकर्त्याच्या फोल्डरात, स्वतःचा सर्व्हर-प्रोग्रॅम उतरवते आणि बहुतेक एक्स्टेन्शनही (एडिटरच्या जोड-सुविधाही) तिथेच चालवते.

हा फरक मला अनुभवातून कळला. कमी मेमरीच्या एका जुन्या सर्व्हरवर व्हीएस कोडचा तो सर्व्हर-प्रोग्रॅम सुरूच होईना, कारण तिथली जीलिबसी, म्हणजे लिनक्समधील प्रोग्रॅमांना लागणारी मूलभूत लायब्ररी, त्याला हवी त्यापेक्षा जुनी होती. ट्रॅम्पने तीच फाइल लगेच उघडली, आणि एसएसएचच्या पुढे सुडोची (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या आज्ञेची) पायरी जोडताच रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, मालकीची फाइलही जतन करता आली. ट्रॅम्प संथ वाटते हे लेखकाचे निरीक्षण योग्यच आहे, परंतु ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅममधील कंट्रोलमास्टर आणि कंट्रोलपर्सिस्ट या सुविधांनी एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरता येते, याचा उल्लेख त्यासोबत यायला हवा होता.