मुझुकाशी देस ने आणि आमचे भावोजी

आज दुपारी ताईकडे जेवायला गेले होते. पुरणपोळी मस्त झाली होती, बिघडलं ते त्यानंतर. भाचीचं दुसरं वर्ष सुरू होतंय, इकॉनॉमिक्स मेजर, आणि तिला मायनरला, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला, पूर्व आशियाई समाज आणि भाषा घ्यायचंय. तिच्या युनिव्हर्सिटीत आहे तो ऑप्शन. पोरगी एवढंच बोलली आणि जो काही हशा पिकला की विचारू नका. भावोजी म्हणाले फायनान्स घे, हे असलं यूट्यूबवर पण शिकता येतं. त्यांच्या धाकट्या भावाने दोन बोटांनी डोळे ताणले आणि चिंग चांग चुंग केलं. पन्नाशीचा माणूस, बँकेत नोकरी, आणि त्यावर सगळे हसले, आज्जीसुद्धा. मी गप्प बसले. तेच आता रात्री साडेदहाला इथे टाइप करतेय.

आणि खरं सांगू का, जे तिच्या बाजूने बोलले त्यांचा मला जास्त राग आला. "घेऊ दे की, जपानमध्ये सगळे म्हातारे झालेत, जॉब लागेल." म्हणजे भाषा काय तर ड्रायव्हिंग लायसन्स. जपानीच्या परीक्षेची पहिली पायरी एन फाइव्ह काढा, मग एन फोर काढा, एजंट गाठा, विमानात बसा.

मी पण असंच शिकले होते ना. पुण्यात शनिवार रविवारचा क्लास, डिसेंबरची परीक्षा, एन फोर पास, पेढे वाटले. वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागून, त्यामुळे मराठी माणसाला पहिले सहा महिने वाटतं की जिंकलं आपण. आणि मग 2013 मध्ये चाकणच्या त्या कंपनीत, मी क्वालिटीमध्ये होते तेव्हा, आम्हाला प्लेटिंगचा, म्हणजे पार्टवर धातूचा मुलामा देणारा, व्हेंडर बदलायचा होता. माणूस, मशीन, माल, पद्धत यातलं काही बदललं की तो फोर-एम चेंज, म्हणजे कस्टमरची परवानगी लागतेच. कस्टमर जपानी. त्यांचे एक वयस्कर इंजिनियर आले होते, त्यांनी आमची सगळी फाइल शांतपणे बघितली, पान न पान, मग मान तिरकी केली, दातांतून स्स्स करून हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशी देस ने." मी लगेच हुशारी दाखवत ट्रान्सलेट केलं की सर, ते म्हणतायत थोडं अवघड आहे. आमच्या साहेबांनी ऐकलं की अवघड आहे म्हणजे जमेल. सहा आठवडे आम्ही भोसरीच्या प्लेटरकडे ट्रायल लॉट काढत बसलो, सॉल्ट स्प्रे टेस्ट केल्या, रिपोर्ट पाठवले, आणि तिकडून आश्चर्याने मेल की आम्ही तर नाही म्हणालो होतो!

ते नाही म्हणाले होते. माझ्यासमोर, स्पष्ट. शब्द मला शंभर टक्के बरोबर कळला होता आणि तरी मला काहीच कळलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे मी मराठी आहे हो, मला तर कळायलाच पाहिजे होतं. कांदेपोहे खाऊन गेलेल्या लोकांचा चार दिवसांनी फोन येतो की पत्रिका जुळत नाही, तेव्हा आपण काय ज्योतिषी बदलून परत फोन करतो का? तेच आहे हे. मनातलं वेगळं आणि दाखवायचं वेगळं, त्याला जपानीत होन्ने आणि तातेमाए असे दोन रीतसर शब्द आहेत, पण माझ्या क्लासमध्ये ते कुणी शिकवले नाहीत कारण पेपरात येत नाहीत. भाची घेतेय त्या मायनरमध्ये भाषेच्या बरोबरीने समाज आहे, इतिहास आहे. म्हणून मला ते हवंय.

हो, मान्य आहे, मायनरच्या क्रेडिट्समध्ये कुणी पंडित होत नाही. जपानच्या रोजच्या वापरातल्या यादीतच 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरचिन्हं, आहेत, पोरगी पदवी घेईपर्यंत त्यातल्या किती येतील ते दिसतंयच. आणि फायनान्सला नोकऱ्या जास्त, तेही मान्य. आणि हो, हे सगळं बीटीएस या कोरियन बँडमुळे सुरू झालं, मग? तुम्ही इंग्रजी काय शेक्सपिअरसाठी शिकलात?

बीटीएसवरून सुरू झालं आणि आता ती कुठे पोचलीये बघा. मागच्या महिन्यात माझ्या ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता मला सांगत होती की कोरियाच्या सेजोंग राजाने 1443 मध्ये साध्या माणसाला लिहिता यावं म्हणून नवी लिपी तयार केली आणि दरबारातले विद्वानच उलटले, म्हणे स्वतःची लिपी रानटी लोकांची असते, शहाण्यांनी चिनीच लिहावं. मी म्हटलं अगं हे तर ज्ञानेश्वरांचंच झालं, त्यांनी दीडशे वर्षं आधी गीता मराठीत आणली. तर डोळे मोठे करून म्हणाली, "मावशी, हे लिहू का मी असाइनमेंटमध्ये?" मग म्हणाली की त्याच कोरियन लोकांना 1940 मध्ये जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली होती, म्हणून कोरियन माणसाला तुम्ही नि जपानी सारखेच असं म्हणायचं नसतं. एकोणीस वर्षांची आहे ती. आणि इकडे पन्नाशीचे काका डोळे ताणतायत. पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-मिझोरामच्या पोरांना रोज हेच ऐकायला लागतं, तेव्हा पण आपण हसतच असतो.

आणि चिनी तर विचारूच नका. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती, 2020 च्या धोरणात कोरियन जपानी आहेत आणि चिनी गायब. गलवान नुकतंच झालेलं, राग समजतो मला. पण ज्याच्याशी भांडण आहे तो काय बोलतोय ते आपल्याला तिसऱ्याने सांगायचं का? भावोजी, तुम्ही शाळेत टीपा लिहा मध्ये ह्युएन त्संग पाच मार्काला लिहिलाय ना? सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला आणि आपल्याबद्दल लिहून ठेवलं की ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सूड घेतात. आपलं एवढं अचूक वर्णन आहे ते चिनी भाषेत. अपमानाचा मुद्दा तेवढा लक्षात ठेवा.

जाऊ दे. भावोजी वाईट नाहीत, माझ्या नोकरी सुटलेल्या वर्षी ताईच्या आधी त्यांनीच विचारलं होतं पैशांचं. घाबरतात फक्त. फी काय थोडी आहे का.

हे लिहीपर्यंत भाचीचा मेसेज आलाय. "मावशी, बाबांना परत विचारलं. बघू म्हणाले. 😊"

स्मायली टाकलाय वेडीने. अगं बाई, मुझुकाशी देस ने! फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे, उद्या सकाळी भावोजींना फोन लावते.