भाड्यासोबत अपडाऊनही मोजा

जळगावात नोकरी असलेल्या तरुण जोडप्यांनी भुसावळ-पाचोऱ्याला राहावं, भाडं वाचतं आणि रेल्वे आहेच, असं लेखात म्हटलंय. भाड्याचं पटलं. रेल्वेबद्दल मात्र फार घाईने लिहिलंय. भुसावळ ते जळगाव जेमतेम 25 किलोमीटर, गाडी अर्ध्या तासात पोहोचवते हे खरं. पण मासिक पास आरक्षित डब्यात चालत नाही, आणि लांबून येणाऱ्या गाड्यांचे जनरल डबे आधीच दारापर्यंत भरलेले असतात. आमच्या ह्यांचं रोजचं अपडाऊन तसंच, जेवणाचा डबा छातीशी धरून, एका पायावर. गाडी लेट झाली की पाळणाघराची वेळ टळते. सासूबाई जवळ नसत्या तर मला नोकरी सोडावी लागली असती. लहान मूल दुपारी कोणाकडे, हा मुद्दा लेखात हवाच होता! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्या उन्हात बालवाडीतून लेकराला आणणार कोण?

बाकी भुसावळ मला आवडतं, शेजार जिवाला जीव देणारा आहे. घर बघायला जाणार असाल तर नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते घरमालकाला नाही, गल्लीतल्या बायकांना विचारा. पाचोरा मनात असेल तर संध्याकाळच्या परतीच्या गाड्या आधी बघून घ्या.