लहान मुलांची शुगर आणि जीन टेस्टचा तो मेसेज

"मुलाला शुगर निघाली तर आधी जीन टेस्ट करा, इन्सुलिन बंद होऊन गोळीवर भागतं" असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. अर्धवट आहे आणि त्यातच धोका आहे.

गोळीवाली गोष्ट खरी आहे, पण ती सहा महिन्यांच्या आत डायबेटिस निघालेल्या बाळांची. त्यातल्या बऱ्याच जणांत केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ जीनमध्ये बिघाड असतो (पहिला २००४ मध्ये सापडला) आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळीवर भागून इन्सुलिन बंद होऊ शकतं, म्हणून इस्पॅड ही मुलांच्या डायबेटिसवरची आंतरराष्ट्रीय संस्था अशा प्रत्येक बाळाची जीन टेस्ट लगेच करायला सांगते.

शाळकरी मुलांत मात्र बहुतेक वेळा टाइप १ डायबेटिस (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं तो) असतो, तिथे इन्सुलिनला पर्याय नाही, रिपोर्टची वाट बघत थांबवलं तर डीकेए (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं) होऊन जीवावर बेततं. घरात आजोबा-बाबा-मूल अशी तरुणपणीच शुगर निघालेली असेल, टाइप १ दाखवणाऱ्या अँटिबॉडी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय याची खूण) टिकून असेल तर मोडीची, म्हणजे एकाच जीनमधल्या बिघाडाने होणाऱ्या आनुवंशिक डायबेटिसची शंका घेतात, मग टेस्टला अर्थ आहे. जीसीके जीनमुळे होणारा मोडी निघाला तर बहुधा औषधच लागत नाही!

तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आणि ज्यांनी वाचून डोस कमी केलाय त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करा.